आमच्या दादांची वही

आमचे दादा, म्हणजे अब्बांचे वडील, २०१७ च्या हिवाळ्यात अल्लाहला प्यारे झाले. वय सत्त्याऐंशीच्या आसपास असावे. जन्माची तारीख कुणी लिहून ठेवली नव्हती. उमरगा आणि आसपासच्या गावांत लोक त्यांना 'पिंजारीचाचा' म्हणून ओळखत. ते आलिम नव्हते, हाजी नव्हते, कुठल्या संस्थेचे पदाधिकारीही नव्हते. कापूस पिंजणारे, गाद्या भरणारे कारागीर होते. पण जनाजाला आलेल्या कितीतरी माणसांनी आम्हाला एकच गोष्ट सांगितली, "चाचा हिशोबाचे पक्के होते. दुसऱ्याचा पैसा घरात ठेवायचे नाहीत."

ते मागे ठेवून गेले ते हमरस्त्यावरचे गाद्यांचे दुकान, त्यामागचे घर आणि लाल कापडी बांधणीची एक जाड वही. वही पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत उर्दूत आहे. आमच्या वडिलांची पिढी मराठी शाळेत शिकली, त्यामुळे घरात ती कुणाला नीट वाचता येत नव्हती. आम्हा नातवंडांपैकी ज्यांनी पुढे उर्दू शिकून घेतली, त्यांच्याकडे हे काम आले. महिनाभर रोज इशानंतर दोन-चार पाने मोठ्याने वाचायची आणि घरातल्या सगळ्यांनी ऐकायची, असे चालले. दादांची खरी ओळख आम्हाला त्या महिन्यात झाली.

पाटलांच्या घरचे मीठ

दादा उर्दू चौथीपर्यंत शिकले. त्या काळी मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता आणि कारभाराची भाषा उर्दू होती. सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस कारवाई झाली, १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली. त्या दिवसांत या भागातल्या अनेक मुस्लिम घरांवर कठीण वेळ आली. दादा तेव्हा अठरा वर्षांचे होते. गावच्या पाटलांनी आमच्या घरच्या सगळ्यांना नऊ दिवस आपल्या वाड्यात ठेवून घेतले. त्या दिवसांबद्दल दादा फारसे बोलत नसत. फार खोदून विचारले तर म्हणत, "पाटलां के घर का नमक खाये हम. बस."

पाटलांच्या घरी पुढे तीन पिढ्यांची लग्ने झाली. प्रत्येक लग्नाची नोंद वहीत आहे. गाद्या किती, उश्या किती, लोड किती, सगळे लिहिलेले. रकमेची जागा मात्र दरवेळी कोरी.

धनुकली

तरुणपणी दादा गावोगाव फिरून कापूस पिंजत. दिवाळी झाली, थंडी पडू लागली की धनुकली खांद्यावर टाकून निघायचे. मुरूम, गुंजोटी, बलसूर, नारंगवाडी ही त्यांची ठरलेली गावे. कुणाच्या तरी ओसरीवर धनुकली टांगायची, तातेवर लाकडी ठोकळ्याचा ठोका मारत राहायचे आणि घट्ट बसलेला कापूस फुगवून मोकळा करायचा. संध्याकाळी माणूस ओळखू येऊ नये इतका कापूस भुवयांवर आणि दाढीवर बसलेला असे. मजुरी कधी पैशांत मिळे, कधी पायलीने ज्वारीत.

कापूस पिंजल्यावर थोडा घटतो. कचरा, धूळ, सरकीचे तुकडे निघून जातात. गिऱ्हाइकाला शंका येते ती इथेच. म्हणून दादा आधी आणि नंतर, दोन्ही वेळा गिऱ्हाइकासमोर वजन करत आणि निघालेला कचराही त्यांना दाखवत. नव्या गादीत जुना कापूस मिसळणे हा या धंद्यातला सोपा मार्ग. वरून कुणाला कळत नाही. दादांचे त्यावर ठरलेले उत्तर होते, "गादी भरती, बरकत उडती."

वीज आल्यावर पिंजण्याचे यंत्र आले आणि धनुकली भिंतीवर गेली. आम्हा नातवंडांसाठी ती रमजानमध्ये खाली उतरे. सहरीला हाका मारून कुणी उठत नसे. मग दादा अंधारात धनुकलीच्या तातेवर दोन ठोके देत. तो घुमणारा आवाज ऐकला की आम्ही पांघरूण फेकून उठत असू, कारण पहिल्यांदा उठणाऱ्याला दादांच्या ताटातली खजूर मिळे.

मराठी अक्षरे त्यांनी वयाच्या तिशीत अब्बांच्या पाटीवर गिरवली. मराठवाडा १९५६ मध्ये मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला आणि कचेरीतले कागद मराठीत येऊ लागले. न वाचता अंगठा द्यायचा नाही आणि न वाचता सहीही करायची नाही, हे त्यांनी स्वतःपासून सुरू केले. आमच्या तिन्ही फुफ्फींना त्यांनी शाळेत घातले, तेही याच कारणासाठी. मुलीला कागद वाचता आला पाहिजे, असे ते म्हणत. पुढे घरात याचा किती उपयोग झाला ते सांगतोच.

पहिले पान

वहीच्या पहिल्या पानावर वर लिहिले आहे, "आपा का हिस्सा."

दादांचे वडील १९५१ मध्ये वारले. आई त्याआधीच गेली होती. मागे दादा आणि त्यांची मोठी बहीण. बहीण आळंदला दिलेली, म्हणजे आजच्या कर्नाटकातले आळंद. घर आणि दोन म्हशी, एवढीच इस्टेट. दादांनी गावातल्या चार माणसांकडून सगळ्याची किंमत ठरवून घेतली. ती बाराशे रुपये झाली. एक भाऊ आणि एक बहीण असेल तर भावाला दोन भाग, बहिणीला एक. म्हणजे बहिणीचे चारशे.

एकवीस वर्षांच्या पिंजाऱ्याकडे तेव्हा चारशे रुपये कुठून असणार? बहिणीनेही मागितले नव्हते. गावात तशी रीतही नव्हती. पण पानावर नोंदी सुरू होतात. पाच रुपये मनिऑर्डर. दहा रुपये हातोहात, ईदला. सात रुपये मनिऑर्डर. मध्ये १९५६ साली राज्यांच्या सीमा बदलल्या, आळंद म्हैसूर राज्यात गेले आणि आमचे गाव मुंबई राज्यात. मनिऑर्डर जात राहिली. शेवटची नोंद १९६२ ची आहे. त्याखाली रेघ आणि एकच शब्द, "अदा."

आळंदवाल्या दादी आमच्याकडे आल्या की महिनाभर राहत. हिस्सा घेतला म्हणून त्यांचे माहेर तुटले नव्हते.

दुसरे पान दादीच्या मेहरचे. निकाह १९५० चा. मेहर २८० रुपये, सिक्का हाली, म्हणजे निजामाच्या चलनात. सात हाली रुपयांना सहा कलदार हा तेव्हाचा दर, म्हणून बाजूला हिशोब मांडला आहे, २४० कलदार. हाली चलन पुढे बंद झाले. दादांचे देणे बंद झाले नाही. यंत्र घेण्यासाठी त्यांनी पैसे साठवायला सुरुवात केली होती. १९६६ मध्ये त्यातूनच आधी मेहर दिले आणि यंत्राची खरेदी दोन वर्षे पुढे गेली. दादीने त्या पैशांत शेळ्या घेतल्या. त्या शेळ्यांचे दूध पिऊन आमच्या दोन फुफ्फी वाढल्या, असे दादी शेवटपर्यंत अभिमानाने सांगत.

माफ केलेली पाने

मधली बरीच पाने उधारीची आहेत. १९७२ च्या दुष्काळात गाद्या कोण भरणार? दादा स्वतः दुष्काळी कामावर खडी फोडायला गेले. घरात मिलोच्या भाकरी आणि कामावर मिळणारी सुकडी, यावर ते वर्ष निघाले. त्या वर्षीच्या येण्याच्या यादीत सव्वीस नावे आहेत आणि एकोणीस नावांपुढे "माफ" लिहिले आहे. कर्जदार अडचणीत असेल तर त्याला सवड द्या आणि माफ केले तर ते तुमच्यासाठी अधिक चांगले, अशी पवित्र कुरआनची शिकवण आहे. दादांनी ती कुणाला ऐकवली नाही. फक्त वहीत लिहिले.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला. किल्लारी आणि सास्तूरच्या परिसरात गावेच्या गावे मातीखाली गेली, हजारो माणसे दगावली. उमरगा तालुक्यातही हाहाकार होता. त्यात पाऊस. दादांनी दुकानात असतील तेवढ्या गाद्या आणि रजया ट्रॅक्टरमध्ये भरून पाठवल्या. मग दहा-बारा दिवस घरातले सगळे, बायकांसह, रात्रंदिवस रजया शिवत बसले. एरवी एका उशीचीही नोंद करणाऱ्या माणसाने त्या पानावर फक्त तारीख लिहिली आहे. किती दिल्या आणि कुणाला दिल्या, काहीच नाही.

वही उघडली तेव्हा

दादा गेल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी घरात इस्टेटीचा विषय निघाला. पाहुण्यांपैकी एक-दोन वडीलधाऱ्यांनी सल्ला दिला, "मुलींच्या सह्या आत्ताच घेऊन टाका. त्या आपापल्या घरी सुखी आहेत. हक्कसोड करून घ्या, म्हणजे पुढे कटकट नको." हे काही वाईट हेतूने म्हटलेले नव्हते. आपल्याकडे बहुतेक घरांत असेच चालते. बहीण सही करते, भाऊ तिला साडी घेतो आणि विषय संपतो.

मोठ्या फुफ्फी लगेच म्हणाल्या, "मला काही नको, भाईजान." मधल्या फुफ्फीही तेच म्हणाल्या. धाकट्या फुफ्फी गप्प राहिल्या.

अब्बांनी आणि चाचांनी आधी वही वाचायची ठरवले. तिच्यात शेवटच्या पानांवर तीन देणी निघाली. एका कापड दुकानाचे गादीपाटाचे अकराशे पन्नास रुपये. एका मित्राकडून घेतलेले पाच हजार; तो मित्र दोन वर्षांपूर्वी वारला होता, म्हणून त्याच्या मुलांना शोधून दिले. तिसरे देणे गुंजोटीच्या एका विधवा बाईंचे. त्यांनी रजईसाठी तीनशे रुपये विसार दिला होता आणि दादा आजारी पडल्यामुळे रजई राहून गेली होती. चाचांनी दुकान उघडून पहिले काम ते केले. रजई घेऊन आम्ही गुंजोटीला गेलो तेव्हा त्या बाई विसरूनही गेल्या होत्या.

जनाजाची नमाज पढवण्याआधी मयतावर काही कर्ज आहे का, असे प्रेषित मुहम्मद (सल्ल.) विचारत, हे आपण सगळ्यांनी ऐकलेले आहे. कफन-दफनाचा खर्च, मग कर्ज, मग वसीयत आणि त्यानंतर वारसांचे हिस्से, हा क्रम ठरलेला आहे. बायकोचे न दिलेले मेहर हेही कर्जच आहे. आमच्याकडे ते पान १९६६ मध्येच बंद झाले होते.

वसीयत वहीतच होती. दादांचा मधला मुलगा २००४ मध्ये रस्त्यावरच्या अपघातात गेला होता. त्याची दोन लेकरे आमच्याच घरात वाढली. मयताचे मुलगे हयात असतील तर आधी वारलेल्या मुलाच्या लेकरांना वारसा मिळत नाही. अनेक घरांत ही लेकरे आजोबांच्या मृत्यूनंतर उघड्यावर पडतात आणि दोष शरीअतला दिला जातो. शरीअतने आजोबांच्या हाती वसीयत दिलेली आहे, ती वापरायची राहून जाते, हे कुणी पाहत नाही. जो वारस नाही त्याच्यासाठी एक तृतीयांशपर्यंत वसीयत करता येते. हजरत साद बिन अबी वक्कास (रजि.) यांना प्रेषितांनी (सल्ल.) हीच मर्यादा सांगितली होती आणि तेवढेही पुष्कळ आहे असे म्हटले होते. दादांनी आपल्या मालमत्तेचा पाचवा भाग या दोन नातवंडांसाठी लिहून ठेवला होता. खाली दोन साक्षीदार, एक मशिदीचे इमामसाहेब आणि दुसरे पाटलांचे चिरंजीव.

चाळीस लाखांचे गणित

दुकान आणि घर मिळून चाळीस लाख रुपये किंमत ठरली. वसीयतीचा पाचवा भाग, आठ लाख, बाजूला काढला. राहिले बत्तीस लाख. दादीचा आठवा हिस्सा, चार लाख. उरले अठ्ठावीस लाख. दोन मुलगे, तीन मुली. मुलाचे दोन भाग आणि मुलीचा एक, म्हणजे सात भाग. प्रत्येक फुफ्फीला चार लाख, अब्बांना आणि चाचांना आठ-आठ लाख.

कागदावर हे गणित पाचवीचा विद्यार्थीही सोडवेल. घरात ते सोडवायला चार वर्षे लागली. घर आणि दुकान विकायचे नव्हते, म्हणजे बहिणींचे बारा लाख आणि पुतण्यांचे आठ लाख दोघा भावांनी उभे करायचे होते. अब्बांनी निवृत्तीची रक्कम काढली. चाचांनी एक प्लॉट विकला. बाकीचे हप्त्याने. दादीने आपला हिस्सा घरातच राहू दिला, पण तो त्यांच्या नावाने लिहून ठेवला. अम्मी आणि चाचींनी त्या चार वर्षांत एकही मोठा खर्च काढला नाही, हेही इथे नोंदवले पाहिजे.

मोठ्या फुफ्फी नको म्हणत होत्या, तेव्हा अब्बा म्हणाले, "आधी हातात घे. मग तुला जे करायचे ते कर." उलेमाही हेच सांगतात. हिस्सा ताब्यात आल्यावर, कुणाच्या दबावाशिवाय परत दिला तर ती खरी माफी. चारचौघांत लाजेने म्हटलेले 'नको' म्हणजे माफी नव्हे. मोठ्या फुफ्फींनी पैसे घेतले आणि उमराहला जाऊन आल्या. मधल्या फुफ्फींनी घरावर स्लॅब टाकला.

आणि धाकट्या फुफ्फी, ज्या त्या दिवशी गप्प होत्या? त्यांच्या मिस्टरांचा आजार दोन वर्षे चालू होता. दागिने गहाण पडले होते. माहेरी त्यांनी कुणाला कळू दिले नव्हते. पहिला हप्ता हातात पडला तेव्हा त्या रडल्या आणि मग सगळे बाहेर आले. बहीण आपल्या घरी सुखी आहे, हे भाऊ गृहीत धरतो. तिने सांगितल्याशिवाय ते खरे आहे की नाही, कळणार कसे? त्या पाचव्या दिवशी सह्या घेतल्या असत्या तर त्यांनीही मुकाट्याने सही केली असती.

सगळे पैसे पोचल्यावरच दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात हक्कसोड पत्र झाले. तिन्ही फुफ्फींनी ते स्वतः वाचले, कुणाला किती मिळाले ते त्यात लिहिले आहे याची खात्री केली आणि मग सही केली. दादांनी त्यांना शाळेत घातले होते ते यासाठीच.

एक जुनी फिर्याद

वारशाची आयत उतरण्यामागे एका आईची फिर्याद होती, ही गोष्ट आपल्या घरांत पुन्हा पुन्हा सांगितली पाहिजे. हजरत साद बिन रबीअ (रजि.) उहुदच्या लढाईत शहीद झाले. त्यांच्या पत्नी दोन मुलींना घेऊन प्रेषितांकडे (सल्ल.) आल्या. मुलींच्या चुलत्याने सगळी मालमत्ता ताब्यात घेतली होती. आता यांची लग्ने कशी होणार, असा त्या आईचा प्रश्न होता. त्यानंतर सूरह निसामधली हिश्श्यांची आयत उतरली आणि प्रेषितांनी (सल्ल.) त्या चुलत्याला बोलावून सांगितले की मुलींना दोन तृतीयांश द्या, त्यांच्या आईला आठवा हिस्सा द्या आणि जे उरेल ते तुमचे.

चोवीस भाग केले तर त्यात मुलींचे सोळा, आईचे तीन आणि चुलत्याचे पाच होतात. ज्याच्या हातात सगळे होते, त्याला चोवीसातले पाच मिळाले. कुरआनने हे हिस्से अल्लाहने ठरवलेल्या मर्यादा म्हटल्या आहेत. नमाजच्या रकाती आपण आपल्या मनाने कमी करत नाही. मग बहिणीचा हिस्सा कमी करण्याचा अधिकार आपल्याला कुणी दिला?

वाचक भगिनी-बंधूंनो, आपल्या प्रत्येकाच्या घरात एखादे दादा, नाना, बडे अब्बा असतात. त्यांच्या आठवणी आपण फोटोंत जपतो. ते हयात असताना त्यांच्याजवळ बसून चार गोष्टी विचारून लिहून घ्या. कुणाचे देणे आहे का, कुणाची अमानत आहे का, मेहर अदा झाले आहे का, बहिणीचा हिस्सा पोचला आहे का. घरात यतीम नातवंडे असतील तर वसीयतीचा विषय काढा. काढायला जड जाते, पण नंतर वेळ राहत नाही. आणि ते जे लिहितील ते घरातल्या मुलामुलींना वाचता येईल अशा भाषेत ठेवा. आमच्या दादांची वही आता आम्ही मराठीत उतरवून काढली आहे. तिची एक-एक प्रत प्रत्येक फुफ्फीकडे आहे.

दादा आम्हाला नेहमी म्हणत, "किसी का रख को मरना नको रे बाबा." अल्लाह त्यांची मगफिरत करो, त्यांची कबर नूरने भरो आणि आपल्या सर्वांना ज्याचा त्याचा हक्क वेळेत अदा करण्याची तौफिक देवो. आमीन.